पाय सपाट आहेत? आधी ओलं पाऊल बघा, मग बुटात काय घालायचं ते ठरवा

आमच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या तेव्हा दारापासून देवघरापर्यंत पावलं उमटवायचं काम माझं असे. मूठ वळायची, करंगळीकडची कड ओल्या कुंकवात टेकवायची, फरशीवर दाबायची आणि वर बोटानं पाच ठिपके द्यायचे. मुठीचं ते पाऊल आतल्या बाजूनं कसं छान खोलगट येतं! एका वर्षी मी न्हाणीतून ओल्या पायांनी तशीच आत आले आणि कुंकवाच्या पावलांशेजारी शहाबादी फरशीवर माझी स्वतःची पावलं उमटली. टाचेपासून बोटांपर्यंत भरलेली, थापलेल्या भाकरीसारखी. आजी बघून म्हणाली, "सपाट पायाची हाय गं ही." सुरात कौतुक नव्हतं.

मग बूट आले. घोट्यापर्यंत चढणारे, जाड चामड्याचे, आत टणक उंचवटा असलेले. वर्षभरात तळव्याला आतल्या बाजूनं खोलगट कमान येईल, अशी खात्री एका दुकानदारानं वडिलांना दिली होती. सोलापूरचा एप्रिल, चाळिशी ओलांडलेला पारा आणि पायात ते बूट. दोन वर्षं घातले. पाय होते तसेच राहिले. आज मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसाचे सात-आठ तास उभी असते, पाय अजूनही सपाट आहेत आणि दुखत नाहीत. म्हणून समोर बसून कुणी "मॅडम, पाय फ्लॅट आहे की ओ माझं, कमान आणून द्या" म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुखतं का?

दुखत नसेल, चालताना-पळताना अडत नसेल, तर बहुतेकांना काही करायची गरज नाही. दुखत असेल तर बरंच करता येतं. पण त्यासाठी आपले पाय नेमके कुठल्या प्रकारचे आहेत ते आधी घरीच बघून घ्या.

पहिली पायरी: चार मिनिटांची तपासणी

तळवा ओला करा, जास्तीचं पाणी झटका आणि कोरड्या शहाबादीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. बाजूला होऊन ठसा बघा. टाच आणि चवडा यांना जोडणारा पट्टा बाहेरच्या कडेनं अरुंद आला, तर कमान आहे. मधला भाग जवळपास चवड्याइतकाच रुंद भरून आला, तर ती खाली बसलेली आहे. चकचकीत टाइल्सवर हा ठसा नीट दिसत नाही, शहाबादी त्या बाबतीत उत्तम. तळव्याला मांस जास्त असेल तर आत कमान असूनही ठसा भरलेला येतो. म्हणून नुसत्या ठशावर निकाल देऊ नका.

खरी परीक्षा पुढची. भिंतीला बोटं टेकवून चवड्यांवर उभे राहा आणि मागून कुणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा. टाचा उचलल्यावर तळव्याची आतली बाजू वर खेचली गेली, कमान उमटली आणि टाच किंचित आत वळली, तर तुमचे पाय लवचीक सपाट आहेत. बहुतेकांचे असेच असतात. उभं असताना पायाचा अंगठा दुसऱ्या कुणी हातानं वर उचलला तरी अशीच कमान वर येते. चवड्यांवर उभं राहूनही तळवा सपाटच राहिला, तर पाय ताठर आहे. तो वेगळा मामला, त्याला अस्थिरोगतज्ज्ञ हवा.

आता एका पायावर उभं राहून तीच टाच उचलून बघा. पोटरीच्या खोल भागातून निघून आतल्या घोट्यामागून वळणारी एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) कमानीला दोरीसारखी वर धरून ठेवते. तिला टिबियालिस पोस्टेरियर म्हणतात. ती थकली असेल तर एका पायावर टाच उचलताच येत नाही, किंवा उचलताना आतल्या घोट्यामागे कळ येते.

शेवटचा फोटो नुसतं उभं असताना मागून काढा. सरळ पायाच्या मागून बाहेरच्या बाजूला एखाद-दुसरं बोट दिसतं. तीन-चार बोटं डोकावत असतील, तर पाऊल बाहेर वळलंय. हे फोटो जपून ठेवा. तीन महिन्यांनी कमानीत फरक शोधायला नव्हे, टाच किती वर जाते ते ताडून बघायला.

लहान मुलांचं काय

आई-बापांची सगळ्यात मोठी काळजी हीच, आणि बहुतेक वेळा विनाकारण. प्रत्येक बाळाचा पाय सपाटच दिसतो, कारण तळव्यात चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. कमान पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू दिसू लागते, काहींची दहाव्या वर्षापर्यंत. तीन वर्षांच्या पोराला "करेक्शन बूट" घालून ती लवकर येत नाही. अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते सहा वर्षांच्या मुलांना खास बूट, खास इनसोल (बुटाच्या आत घालायचा आधाराचा थर) किंवा काहीच नाही, अशा गटांत वाटून तीन वर्षांहून अधिक काळ पाहिलं. शेवटी सगळ्यांच्या पायांत सुधारणा सारखीच! माझ्या वडिलांना हे माहीत असतं तर माझे दोन उन्हाळे वाचले असते.

आपल्याकडचा अभ्यास तर आणखी बोलका आहे. मणिपालच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी ४ ते १३ वयाच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि ते १९९२ साली प्रसिद्ध केले. पायात नेहमी काहीतरी घालणाऱ्या मुलांमध्ये सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण अधिक होतं. त्यामुळे लहान मुलांसाठी माझा सल्ला स्वस्तातला आहे. घरात, अंगणात, वाळूत, गवतावर अनवाणी खेळू द्या. लंगडी, दोरीवरच्या उड्या, चवड्यांवर चालणं, उकिडवं बसणं. व्यायाम म्हणून करवून घेऊ नका, खेळ म्हणून होऊ द्या. फक्त ऊन टळल्यावर, नाहीतर वैशाखात तळवे पोळतील.

मूल पाय दुखतो म्हणून खेळ सोडून बसत असेल, एकच पाय सपाट असेल, लंगडत असेल किंवा आठ ते सोळा या वयात पाय ताठर होऊन घोटा वारंवार मुरगळत असेल, तर मात्र दाखवा. कधीकधी पावलातली दोन हाडं जन्मतःच जोडलेली असतात, आणि ते याच वयात त्रास द्यायला लागतं.

दुखतंय, तर आधी धोक्याच्या खुणा

मोठेपणी एकच पाय नव्यानं सपाट होत चालला असेल आणि आतल्या घोट्यामागे सूज असेल, तर ती कंडरा झिजत असण्याची शक्यता आहे. चाळिशी-पन्नाशीतल्या, वजन जास्त असलेल्या, साखर किंवा रक्तदाब असलेल्या बायकांमध्ये हे मी बरंच पाहते. त्या "भाकऱ्या थापायला उभं राहवत नाही" एवढंच सांगतात, पाय बदललाय हे त्यांच्या लक्षातही आलेलं नसतं. यात दिवस घालवू नका. सुरुवातीला आधार आणि व्यायामानं सावरतं, उशीर झाला की पाय ताठर होतो.

मधुमेह असेल आणि पाऊल अचानक गरम, लाल, सुजलेलं झालं, पण त्या मानानं दुखत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. चालत नको, रिक्षानं. संवेदना गेलेल्या पायाची हाडं भार देता देता आतल्या आत मोडतात आणि पाऊल कायमचं बसतं. ज्यांना तळव्याला स्पर्श नीट कळत नाही त्यांनी पुढचे व्यायामही विचारल्याशिवाय करू नयेत. उन्हाळ्यात सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाताना तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहणंसुद्धा त्यांच्यासाठी धोक्याचं. फोड आलेला घरी आल्यावर कळतो.

हाड-सांध्यांची तपासणी सोलापुरात सिव्हिलला म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात अस्थिरोग विभागात होते. जाताना रोजच्या वापरातली चप्पल किंवा बूट घालूनच जा. नवे कोरे घालून येणारे फार. जुन्या टाचेची झीज डॉक्टरांना निम्मी गोष्ट सांगते.

दुसरी पायरी: व्यायाम

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. व्यायामानं हाडांची ठेवण बदलत नाही, स्नायूंची ताकद वाढते आणि दुखणं कमी होतं. बाटलीवर तळवा घोळवून "पंधरा दिवसांत कमान" येत नाही. थंड बाटलीनं तळव्याला बरं वाटतं, तेवढ्यापुरती घोळवा.

पहिला व्यायाम दिसायला सगळ्यात साधा आणि करायला सगळ्यात चिवट. खुर्चीवर बसा, गुडघा घोट्याच्या बरोबर वर. तळवा जमिनीवर तीन ठिकाणी टेकलेला ठेवा: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. आता बोटं न वळवता अंगठ्याचं मूळ टाचेकडे ओढा, जणू पाऊल आखूड करायचंय. कमान थोडी वर येते. पाच सेकंद धरा, सोडा. असं दहा वेळा. पहिल्या आठवड्यात बहुतेकांना जमतच नाही. बोटं खेकड्यासारखी वळतात, नखं पांढरी पडतात, तळव्यात गोळा येतो. गोळा आला तर थांबा, चोळा, पुन्हा करा. बोटं वळतच राहिली तर ती हातानं वर धरून मग ओढा. एक सोपी खूण: तळव्याखाली आतल्या बाजूनं तुमच्याच हाताचं बोट सरकवून ठेवा, वरचा दाब कमी झाला तर जमतंय. बसून जमलं की उभं राहून, मग एका पायावर. रोज दात घासताना एका पायावर उभं राहून हे करणारे माझ्याकडचे लोक सगळ्यात लवकर सुधारतात, कारण त्यांना वेगळा वेळ काढावा लागत नाही.

जमिनीवर पसरलेला टॉवेल बोटांनी गोळा करण्याचा व्यायाम सगळीकडे सांगितला जातो, आणि सोलापूरच्या घरात टॉवेलला तोटा नाही. करा, वाईट काही नाही. पण त्यात बोटं वळवणारे लांब स्नायू जास्त कामाला लागतात, कमानीचे छोटे कमी. पाऊल आखूड करण्याला पर्याय म्हणून तो नको.

दुसरा, टाचा उचलणं. दोन्ही टाचांच्या मध्ये टेनिसचा चेंडू धरा आणि तो दाबून ठेवत तीन आकड्यांत वर, तीन आकड्यांत खाली. चेंडूमुळे ती आतली कंडरा कामाला लागते. पंधराच्या दोन फेऱ्या सहज व्हायला लागल्या की चेंडू सोडून एकेका पायावर.

तिसरा, पोटरीचा ताण. पोटरी आखडली की टाच लवकर उचलली जाते आणि भार मधल्या तळव्यावर येऊन तो खाली दबतो. भिंतीला हात लावून एक पाय मागे, टाच जमिनीवर, तीस सेकंद, तीनदा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत. मागच्या पायाची बोटं समोर ठेवा. ती बाहेर वळली तर पोटरी ताणली न जाता कमानच आणखी बसते. सपाट पायवाल्यांची ही हमखास चूक. तळव्याच्या आतल्या कडेखाली टॉवेलची घडी ठेवली तर ती टळते.

चौथ्यासाठी सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूबचा तुकडा आणा. एक टोक पलंगाच्या पायाला, दुसरं पावलाभोवती, आणि पाऊल आत ओढा. गुडघा हलू द्यायचा नाही.

एवढं आठवड्यातून चार-पाच दिवस. करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि सकाळी उठेपर्यंत शमलं तर चालेल. सकाळी पाय टेकवताना जास्त दुखत असेल तर फेऱ्या कमी करा. सहा आठवड्यांत फरक जाणवायला लागतो, निकाल बारा आठवड्यांनी लावा. दहाव्या दिवशी सोडून देणारे पुन्हा इनसोल विचारायला येतात.

तिसरी पायरी: बुटातला आधार

इनसोल चष्म्यासारखा आहे. घातलाय तोवर काम करतो, काढला की पाय पुन्हा तसाच. त्यात कमीपणा काही नाही. लूमवर (यंत्रमागावर) बारा तासांची पाळी उभ्यानं करणाऱ्याला आज संध्याकाळी आराम हवा असतो, बारा आठवड्यांनी नव्हे. म्हणून दुखणाऱ्याला मी दोन्ही सांगते: आधार लगेच, व्यायाम सोबत.

पैसे घालवायच्या आधी पादत्राण बघा. टाचेभोवतीची मागची भिंत अंगठा-तर्जनीत दाबा, ती सहज चेपू नये. बूट चवड्यापाशी वाकावा, मधोमध घडी पडू नये. कपडा पिळतात तसा पिळून बघा, फारसा पिळला जाऊ नये. या तिन्हींत नापास झालेल्या बुटात महागातलं इनसोलही बुडतं. बूट घ्यायला नवी पेठेत जाल तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. आणि इनसोल घेतलंच असेल तर ते खिशात न्या, आत घालूनच बूट मापा.

इनसोल तयार मिळतं किंवा पायाच्या मापानं बनवून घेता येतं. मापाचं कित्येक पट महाग. नुसतं दुखणं कमी करायचं असेल तर बऱ्याच जणांचं तयार इनसोलवर भागतं, म्हणून माझ्याकडे आलेल्याला मी आधी तेच सांगते. ताठर पाय, फार बसलेली कमान, मधुमेह किंवा वेडावाकडा झालेला पाय असेल तर मात्र मापाचंच, आणि तेही ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे असे आधार मापानं बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून. संवेदना कमी असलेल्या पायाला कडक प्लॅस्टिक नको, एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराचा मऊ थर हवा.

तयार इनसोल निवडताना नुसता मऊपणा बघू नका. दुकानात बोटानं दाबल्यावर जे सगळ्यात गुबगुबीत लागतं ते पंधरा दिवसांत पापडासारखं होतं. टाचेपाशी खोलगट वाटी हवी, आतल्या बाजूचा उंचवटा अंगठ्यानं दाबल्यावर थोडा दबावा आणि परत वर यावा. बुटातला मूळचा सुटा थर आधी काढा. दोन थरांवर पाय चढला की टाच बाहेर निसटते आणि लोक म्हणतात इनसोल वाईट.

पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग रोज एकेक तास वाढवा. दोन आठवड्यांत दिवसभराची सवय होते. कमानीखाली खडा रुतल्यासारखं दोन आठवड्यांनंतरही वाटत असेल, तर उंची जास्त आहे, बदला. गुडघा किंवा कंबर नव्यानं दुखायला लागली तरी थांबा.

आता सोलापूरची खरी अडचण: इथं बूट घालतं कोण? पट्ट्याच्या चपलेत इनसोल बसत नाही, आणि चिकटवलेलं घामानं सरकतं. मार्ग एकच, मागे पट्टा असलेली आणि सोलमध्येच कमानीचा उंचवटा असलेली सँडल. लूमच्या शेडमधल्या उकाड्यात बंद बुटाचा आग्रह मीही धरत नाही. घरात अनवाणी ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या बायकांना तीच सँडल, पण फक्त घरातली, बाहेर न नेलेली, वेगळी जोडी. सोवळ्यामुळे तेही नको असेल तर ओट्यासमोर जाड रबरी मॅट टाका. चादरीची घडी नको, पाय घसरतो.

भरतीवाली पोरं

ही माझ्याकडे जाहिरात निघाल्यावर येतात, दोन महिने उरलेले असताना. सैन्याच्या वैद्यकीय निकषांत नुसता सपाट पाय म्हणून बाद करत नाहीत. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान उमटत असेल, चवड्यांवर नीट उड्या मारता आणि पळता येत असेल, पाय लवचीक आणि न दुखणारा असेल, तर उमेदवार चालतो. ताठर पाय चालत नाही. म्हणजे वर सांगितलेली तपासणी इथं थेट उपयोगी पडते, पाण्याचा ठसा फार नाही. पोलीस भरतीची जाहिरात मात्र स्वतः वाचा, दोन्हीकडचे नियम एकच समजू नका. आणि १६०० मीटरचा सराव डांबरावर रोज करण्यापेक्षा मातीच्या मैदानावर एक दिवसाआड करा. नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं तर अंतर कमी करा. दात खाऊन पळत राहिलं तर हाडाला बारीक चीर जाते आणि भरती बाजूलाच राहते.

तुळजापूरला चालत जाणाऱ्यांसाठी

कोजागिरीला इथून हजारो लोक तुळजापूरला चालत निघतात, साधारण ४५ किलोमीटर, बरेच अनवाणी. सपाट पायानं जाता येतं, मी गेलेय. पण दोन महिने आधीपासून तयारी हवी. आठवड्यातून तीनदा चालायचं आणि दर आठवड्याला अंतर थोडंच वाढवायचं. अनवाणीच जायचा नवस असेल तर सरावातही रोज थोडं अनवाणी चाला, आधी मातीवर, मग डांबरावर. नवं इनसोल त्या रात्री पहिल्यांदा घालू नका, फोड येणार म्हणजे येणार. महिनाभर वापरलेलंच घाला. पिशवीत सुती मोज्यांची जास्तीची जोडी, चिकटपट्टी आणि ती मागे पट्ट्याची सँडल असू द्या. दर तासाला पाच मिनिटं बसून बोटं ताणा आणि पोटरीचा ताण द्या. एक घोटा दुसऱ्यापेक्षा सुजलेला दिसला तर तिथून पुढं गाडी करा, आई रागवत नाही. दर्शन झाल्यावर परत मात्र एसटीनंच या.